आत्याची चौकी हलवली तेव्हा

गोदाआत्या आमच्याकडे राहायला येणार, पण तात्पुरती, असं अण्णांनी आईला सांगितलं तेव्हा आईनं जो सुस्कारा सोडला तो स्टेशनमास्तरांच्या क्वार्टरपर्यंत ऐकू गेला असावा. आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण. एरवी ती आमच्याकडे राहत नसे, स्टेशनाला लागून असलेल्या चौकीत राहत असे. चौकी पोलिसांची नव्हे. निजामाच्या अमलात रेल्वेनं येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर जकात घ्यायला बांधलेली ती काळ्या दगडाची अष्टकोनी खोली. वर शहाबादी फरशांचं छप्पर, एक दार, एक खिडकी आणि दारावर दगडात कोरलेलं कमळ, एवढाच तिचा थाट. निजाम गेला, जकात गेली, जकात घेणारे मुन्शीजी हैदराबादला गेले आणि चौकीत शेळ्या राहायला आल्या. नवरा गेल्यावर आत्या आष्टीकडचं सासर सोडून परत आली तेव्हा तिनं एकदा भावाच्या घराकडे पाहिलं, एकदा भावजयीकडे पाहिलं, आणि सरळ जाऊन शेळ्यांना हाकललं. तिथं तिनं चहा-भज्यांचं दुकान मांडलं. लेंड्यांचा वास काही गेला नाही अशी तक्रार मात्र ती पुढं कितीतरी वर्षं करत होती, जणू शेळ्या आम्हीच पाठवल्या होत्या.

आत्याचं दुकान गाडीच्या आवाजावर चालायचं. घाटनांदूरच्या बाजूचा सिग्नल खाडकन पडला की ती कढईत भजी सोडायची, आणि गाडी थांबेपर्यंत पहिला घाणा झाऱ्यावर आलेला असायचा. गाडी उभी राहिली की ती एक मोठी किटली घेऊन इंजिनाकडे जायची. ड्रायव्हर तिला इंजिनातलं कढत पाणी काढून द्यायचा, ती त्याला पुडाभर भजी द्यायची. बहात्तरच्या दुष्काळात विहिरी तळाला गेल्या तेव्हा अख्ख्या गावात पाण्याची ददात नसलेली बाई एकटी गोदाआत्या होती. त्या चहाला कोळशाचा वास यायचा. आता माझ्या सुनेनं चहाचं यंत्र आणलं आहे, बटण दाबलं की चहा पडतो. त्याला कसलाच वास येत नाही आणि तो मला चहा वाटतही नाही, पण हे मी सुनेसमोर बोलत नाही. डाळीचं पीठ मिळेनासं झाल्यावर आत्यानं रेशनच्या लाल मिलोची, म्हणजे अमेरिकेहून आलेल्या ज्वारीची, भजी सुरू केली. ती इतकी चिवट व्हायची की इथं तोंडात टाकलेलं भजं परळीपर्यंत पुरायचं. लोक तरी खायचे. आत्या स्वतःच म्हणायची, "लई वाईट झालेत. घ्या अजून."

त्या दुष्काळात गाड्या वाढल्या होत्या. धान्य यायचं, जनावरांच्या छावणीसाठी कडबा यायचा, आणि सहकारी साखर कारखान्याला म्हणे पुढंमागं मालाच्या वाघिणी लागणार होत्या. तेव्हा रेल्वेनं आमच्या स्टेशनात आणखी एक रूळ टाकायचं ठरवलं. त्या नव्या रुळाच्या बरोब्बर मधोमध आत्याची चूल येत होती. मोजणीला रेल्वेचे साहेब आले. ते तेलंगी होते, आणि मराठी हमालांकडून शिकले होते. आत्यानं दिलेला चहा पिऊन ते म्हणाले, "अम्मा, हे बिल्डिंग इथून जायचं." आत्या म्हणाली, "कुठं जायचं?" साहेबांनी कुंपणापलीकडची, आमच्या परसामागची मोकळी जागा दाखवली. वरच्या कुणा साहेबाला जुन्या दगडांची माया होती म्हणून असं ठरलं होतं की चौकी उतरवून तिकडे परत उभी करायची, आणि आत्यानं तिथं राहायचं. "पण जसा होता तसा," साहेब बोट वर करून म्हणाले. "नाही झाला तर ते जागा गोदामाला, आणि दगड सगळा रुळाखाली. मी स्वतः बघायला येणार."

हे ऐकून आत्यानं साहेबांसाठी पुन्हा उचललेली किटली तशीच खाली ठेवली. कारण तिला तिसरी वाट ठाऊक होती. आष्टीचा तिचा दीर ऊसतोडीचा मुकादम होता, आणि टोळीच्या भाकरी थापायला फुकटची बाई हवी म्हणून तो दर सहा महिन्यांनी निरोप धाडायचा, "वहिनीला म्हनावं, आपलं घर ते आपलं घर." चौकी गेली तर आत्याला एक तर आमच्याकडे आईच्या हाताखाली राहावं लागणार होतं, नाहीतर दिराच्या टोळीत. यातलं कुठलं बरं, हे तिनं कधी उघड सांगितलं नाही, पण आमच्या घराकडे बघून तिनं जो चेहरा केला त्यावरून दोन्ही सारखीच असावीत.

काम मिळालं आमच्या गावच्या मजूर सहकारी सोसायटीला. हाताला काम नाही म्हणून गावातल्या पुरुषांनी ती नुकतीच काढली होती. चेअरमन भगवानतात्या. त्यांची जमीन गावात सगळ्यात जास्त, पण त्या वर्षी विहीर मात्र सगळ्यांसारखीच कोरडी. चिटणीस आमचे अण्णा, कारण त्यांचं किराणा दुकान ओस पडल्यामुळे त्यांना वेळ होता आणि शाई होती. सोसायटीला कामापेक्षा ठरावांची हौस. कुदळ उचलायची तर ठराव, ठेवायची तर ठराव. मला आठवतं, एकदा सभेत एकाला शिंक आली तर तात्या सवयीनं म्हणाले, "अनुमोदक कोण?" अण्णांना या सगळ्याचा फार अभिमान होता. घरी जेवताना आई विचारायची, "भाकरी वाढू का?" तर अण्णा मान डोलावून म्हणायचे, "सर्वानुमते." आई मग त्यांना अर्धीच वाढायची.

चौकी उतरवायची तर प्रत्येक दगडावर आकडा घालायला हवा, म्हणजे लावताना चुकणार नाही, हे इस्माईल गवंड्यानं सांगितलं आणि सगळ्यांना पटलं. आकडे काढायला मला बसवलं. मी तेव्हा मॅट्रिकला गणितात नापास होऊन घरी बसले होते, पण माझं अक्षर वळणदार होतं. प्रश्न आला रंगाचा. ऑइलपेंट आणायचा तर अंबाजोगाईच्या तीन दुकानांचे भाव मागवायला हवेत, ते आल्यावर सभा, सभेनंतर ठराव. तोवर साहेब येऊन गेले असते. तेव्हा लिंबाजी उठला. लिंबाजी जनावरांच्या छावणीवर राखणदार होता आणि सोसायटीचा सभासदही. तो म्हणाला, "छावणीत मळीचा ड्रम पडलाय की. लई चिकट हाय. बोट बुडवलं तर दोन दिस निघत न्हाई. गेरू कालवा तिच्यात." मळी म्हणजे कारखान्यात साखर काढून झाल्यावर उरणारा काळा पाक. सुका कडबा जनावरं तोंडात धरत नाहीत म्हणून कारखान्याकडून ती छावणीला मिळायची आणि लिंबाजी रोज ती कडब्यावर शिंपडायचा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इस्माईलनं गेरू कालवलेली मळी बोटावर घेऊन चाटली आणि म्हणाला, "अच्छी है." भगवानतात्यांनी सूचना मांडली, तिघांनी अनुमोदन दिलं, अण्णांनी सर्वानुमते मंजूर असं लिहिलं. आज इतक्या वर्षांनी विचार करते तेव्हा वाटतं, एवढ्या शहाण्या माणसांना एकत्र बसवल्याशिवाय इतकी मोठी चूक होऊच शकली नसती.

चौकी उतरू लागली आणि आत्या ट्रंक, कढई, किटली घेऊन आमच्याकडे आली. आई तिला 'वन्सं' म्हणायची, पण ज्या सुरात म्हणायची तो सूर कुत्र्याला हाकलायचा होता. पहिल्याच संध्याकाळी भाजक्या धान्याच्या येसराची आमटी होती. आत्यानं एक भुरका मारला आणि म्हणाली, "कलावते, मीठ पडलं न्हाई." आईनं मीठ घातलं. आत्या म्हणाली, "आता लई पडलं." आई काही न बोलता उठली, मागच्या अंगणात तीन दगड मांडले आणि म्हणाली, "वन्सं, ही तुमची चूल." झालं. तेव्हापासून आमच्याकडे दोन स्वयंपाक. दोघी एकाच मिलोच्या भाकरी करायच्या. मिलोच्या पिठाला चिकटपणा नसल्यानं त्या दोघींच्याही तव्यावर फुटायच्या, आणि दोघीही दुसरीची फुटली की हळूच बघून घ्यायच्या. मला दोन्हीकडे जेवावं लागे. दुष्काळात अख्खं गाव वाळत होतं आणि मी तेवढी अंगानं भरत होते. अण्णांची मात्र पंचाईत झाली. बहिणीकडे जेवले तर बायको बोलायची नाही, बायकोकडे जेवले तर बहीण बोलायची थांबायची नाही. ते बिचारे सोसायटीच्या बैठकी वाढवू लागले. आई रोज सकाळी त्यांना विचारायची, "चौकी कुठवर आली?" इतक्या आस्थेनं तिनं कधी पावसाची चौकशी केली नसेल.

शेवटची फरशी उतरली. सगळे दगड छावणीच्या लगतच्या माळावर ओळीनं मांडले. प्रत्येकावर माझ्या वळणदार अक्षरातला लाल-काळा आकडा. उन्हात ते आकडे असे चमकायचे की बघत राहावं. एवढं मोठं काम कसल्याही अपघाताविना पार पडलं म्हणून सोसायटीनं स्वतःचा सत्कार करायचं ठरवलं. दुपारी मारुतीच्या पारावर सगळे जमले. नारळ एकच मिळाला होता. मग तो नारळ अण्णांनी तात्यांना दिला, टाळ्या झाल्या, तात्यांनी तो परत केला, मग तो लिंबाजीला दिला, टाळ्या झाल्या, लिंबाजीनं परत केला. असा तो नारळ सगळ्या सभासदांच्या हातून फिरला. आपला सत्कार चुकू नये म्हणून छावणीवर कुणीच थांबलं नव्हतं. लिंबाजीनं पारावर येताना जनावरं पाण्यासाठी मोकळी सोडली होती, आणि पाणी पिऊन झाल्यावर ती कुठं जातील याचा ठराव झालेला नव्हता.

आम्ही परत आलो तेव्हा अख्खी छावणी दगडांवर तुटून पडली होती. गाई, बैल, कालवडी, म्हशी, सगळ्यांची तोंडं खाली आणि जिभा लांब. भगवानतात्यांचा सर्जा तर कमळाच्या दगडाला चारी बाजूंनी असा चाटत होता की कमळाच्या पाकळ्यांतली निजामाच्या वेळची धूळसुद्धा निघाली. लोकांनी आरडाओरडा केला, चपला फेकल्या, शेपट्या ओढल्या. जनावरांना इतक्या दिवसांत पहिल्यांदा कडबा न चावता नुसती मळी मिळाली होती; ती कशाला हटतात! हटली तेव्हा एकाही दगडावर एकही आकडा शिल्लक नव्हता. दगड मात्र स्वच्छ झाले होते, लग्नातल्या भांड्यांसारखे लख्ख. लिंबाजी डोक्याला हात लावून म्हणाला, "आईच्यान, मी तर रोज हीच मळी घालतो त्यान्ला." तात्या ओरडले, "मंग तवाच काहून सांगितलं न्हाईस बे?" लिंबाजी म्हणाला, "तुमीच तर मंजूर केलीत!" "ह्या जनावरांचा निषेध!" तात्या गरजले, आणि अण्णांनी, खोटं नाही सांगत, खिशातून पेन काढलं.

मला हसू येत होतं, पण तेवढ्यात मी आत्याकडे पाहिलं. ती उंबऱ्याच्या आडव्या दगडावर बसली होती, जसं काही दार अजून तिथंच आहे. ती कुणावर ओरडली नाही. सगळे शांत झाल्यावर तिनं अण्णांना हाक मारली. अण्णांचं नाव मन्मथ, गाव त्यांना मन्मथअप्पा म्हणे, ती एकटीच मन्या म्हणायची. "मन्या," ती म्हणाली, "आष्टीची येष्टी कवा हाय?" अण्णांनी पेन परत खिशात ठेवलं. आत्यानं हा प्रश्न विचारला याचा अर्थ तिनं हरल्याचं कबूल केलं होतं, आणि गोदाआत्या हरू शकते हे मला तोवर माहीतच नव्हतं.

उत्तर दिलं ते आईनं. ती गर्दीच्या मागं उभी होती. पदर खोचून पुढं आली आणि एवढ्या पुरुषांसमोर म्हणाली, "कशाला पायजे येष्टी? इतकी वर्सं ह्या समद्यांनी भितीला टेकून तंबाखू मळली, अन् चुन्याची बोटं दगडाला पुसली. तो चुना चाटला का जनावरांनी? ज्यानं त्यानं आपापला दगड वळखावा अन् नेऊन लावावा!" सगळे चपापले. खरंच होतं. चौकीच्या भिंतीला टेकून बसायच्या जागा ठरलेल्या होत्या, आणि तंबाखूला चुना लावून उरलेलं बोट जो तो मागच्या दगडाला पुसायचा. त्या पुसण्यातही प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. कुणी उभी रेघ ओढायचा, कुणी ठिपका द्यायचा, लिंबाजी तर पाची बोटं पुसायचा. आणि चुना जिभेला झोंबतो, म्हणून जनावरांनी नेमके तेवढेच डाग सोडले होते. आईनं हे आत्यासाठी केलं की आमटीतल्या मिठासाठी, हे मी पुढं तिला विचारलं. तिनं मला भांडी घासायला पाठवलं.

मग माळावर जे सुरू झालं ते बघायला स्टेशनमास्तरसुद्धा झेंडी घेऊन आले. एकेक माणूस ओणवा होऊन दगड तपासत होता. "ह्यो माजा!" "तुजा कसा बे, तू ठिपका देतोस, ही रेघ हाय!" "दात दुखत होता तवा मी रेघच ओढत होतो!" काही जणांनी खातरजमा करायला दगडाला पाठ लावून पाहिली. मोठा पेच वेगळाच निघाला. कुठं बसायचास असं विचारलं की प्रत्येक जण म्हणायचा, सावलीला. कारण दुपारी चौकीच्या सावलीला मानाची माणसं बसायची आणि उन्हाला बाकीची, आणि बाकीचा व्हायला कुणी तयार नव्हतं. त्यामुळे सावलीच्या बाजूची भिंत लांबता लांबेना, आणि उन्हाच्या बाजूला एकसुद्धा दगड नाही. इस्माईल गवंड्यानं थापी खाली टाकली. "सब छाँव में बैठे थे तो धूप में कौन बैठा था, मेरे बावा?" जो तो आपल्या दगडाची धूळ झटकू लागला. आणि खिडकीखालच्या कोपऱ्यातला, स्टेशनवरून अजिबात न दिसणारा एक दगड सापडला, त्यावर तर चुन्याचा थरच होता. तो कुणीच आपला म्हणेना. शेवटी आत्या उंबऱ्याच्या दगडावरून म्हणाली, "तात्याचा हाय तो. वैद्यानं तळलेलं बंद केलंय न्हवं, म्हून मागं बसून भजी खातेत." भगवानतात्यांच्या बायकोनं तोंडाला पदर लावला, तात्या दुसरीकडे बघू लागले. तो दगड बिनविरोध जागेवर गेला.

वरचे दगड आकारानं, आतले काजळीनं, आणि राहिलेले इस्माईलच्या मर्जीनं लागले. आरोग्यखात्याच्या माणसांनी पूर्वी भिंतीवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण काढला होता, त्याचे तुकडे तीन दिशांना गेले. कमळाचं वर कुठलं आणि खाली कुठलं यावर एक पूर्ण दिवस वाद झाला आणि बहुमतानं ते उलटं लागलं. भिंत पूर्वीपेक्षा एक थर बुटकी झाली, पण कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण सगळे दाराकडे बघत होते. सगळ्यांना सावली द्यायच्या नादात चौकी हळूहळू फिरत गेली होती, आणि पूर्वी फलाटाकडे बघणारं दार आता आमच्या स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होतं. सरळ, समोरासमोर. आई चुलीवरून उठली की समोर आत्या, आत्या उठली की समोर आई. आईनं ते पाहिलं आणि मटकन खाली बसली.

आणि दगड उरले. सगळं बांधून झाल्यावर चांगले दांडगे दगड उरले, आणि ते कुठले हे कुणालाच सांगता येईना. पाडायला वेळ नव्हता, साहेब येणार होते. तेव्हा सोसायटीनं तातडीची सभा घेतली, उरलेले दगड चौकीपुढं नीट रचले, वर सतरंजी अंथरली, सतरंजीवर खुर्ची ठेवली आणि त्याला व्यासपीठ असं नाव दिलं. परवा माझी नात सांगत होती की परदेशात कुठंसं जुनं स्टेशन अख्खंच्या अख्खं उचलून चाकांवर ठेवून सरकवलं, एक कौल हललं नाही. मी म्हटलं, बाई, त्यात कसली मजा!

साहेब आले. गळ्यात हार पडला, हार करडईच्या वाळल्या फुलांचा होता आणि टोचत होता. त्यांना व्यासपीठावर बसवलं. भगवानतात्यांनी भाषण केलं. साहेब हाराखाली मान खाजवत समोरच्या भिंतीकडे बघत होते. मग ते उठले आणि चौकीभोवती फिरू लागले. एक फेरी झाली. दुसरी झाली. त्यांनी एक पाऊल मागं घेतलं आणि विचारलं, "दरवाजा कुठे गेला?" तात्या म्हणाले, "हाय साहेब. दार हाय. फकस्त पलीकडं हाय." साहेबांनी उलट्या कमळाकडे पाहिलं, त्रिकोणाच्या तुकड्यांकडे पाहिलं. "हे जसा होता तसा आहे?" अण्णा म्हणाले, "सर्वानुमते." साहेब हसले नाहीत. त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती आत्यावर थांबवली. "अम्मा, तुम्ही इथे राहत होता. तुम्ही बोला. हे तेच आहे?"

आत्याला खोटं बोलता येत नव्हतं. त्यामागं मोठेपणा काही नव्हता. समोरच्या गोष्टीतली खोट दिसली आणि तोंडातून निघाली नाही असं तिच्या आयुष्यात कधी झालंच नव्हतं. अण्णा तिच्याकडे बघून डोळ्यांनी विनवत होते. आई आमच्या दारात उभी होती, हातात पिठाची परात तशीच. आत्या पुढं आली, चौकीच्या भिंतीवर हात ठेवला आणि सुरू झाली. "तीच कुठली? दार फलाटाला होतं, आता गिऱ्हाईक काय कलावतीच्या न्हाणीतून येईल का? खिडकी माज्या खांद्याला होती, आता कमरेला आली. ही भित बुटकी. कमळ पालथं. हितं माजा कोनाडा होता दिव्याचा, तो आता बाहीर आला, त्यात कावळे बसतेल. अन् तुमी बसला होता तो ओटा हाय का, तेबी माज्या भितीतलंच हाय." तात्यांनी डोळे मिटून घेतले. लिंबाजी हळूच छावणीकडे सरकू लागला. साहेबांनी वळून व्यासपीठाची सतरंजी वर उचलून पाहिली आणि परत खाली सोडली.

"म्हणजे अम्मा, जसा होता तसा नाही," साहेब म्हणाले. "मग पाडायचं?"

आत्या दोन पावलं चालून गेली आणि चौकीच्या दारात उभी राहिली. दार बुटकं झाल्यामुळे तिचं डोकं वरच्या दगडाला जवळजवळ लागत होतं. तिनं दोन्ही हात चौकटीला लावले.

"चुकली हाय," ती म्हणाली. "लई चुकली हाय. पर माजी हाय. हात तर लावून बघा."

तिचा आवाज चढला नव्हता, पण तिची हनुवटी थरथरत होती, आणि ते मला दिसत होतं, आईला दिसत होतं, साहेबांनाही दिसलं असणार. मग त्यांनी टोचणारा हार गळ्यातून काढून अण्णांच्या हातात दिला, डोक्यावरची टोपी काढली, त्या बुटक्या दारासमोर कमरेत वाकले आणि म्हणाले, "अम्मा, आत येऊ का?"

सासरी ती सांगतील तिथं झोपणारी बाई होती, माहेरी तात्पुरती. उभ्या जन्मात आत येऊ का असं तिला कुणी विचारलेलं नव्हतं, कारण जिथं विचारायचं असतं असं दारच तिला नव्हतं, चौकीचं होतं ते गिऱ्हाइकांना सताड उघडं. आत्या साहेबांकडे बघत राहिली, मग त्यांच्या बुटांकडे, मग बाजूला झाली.

"या," ती म्हणाली. "पर पाय पुसून."